हिरव्या परीक्षानळ्या

सतराव्या वर्षी मी भारी शहाणी होते. हे माझं मीच ठरवलं होतं, त्यामुळे त्यावर कोणाचं दुमत असण्याचा प्रश्नच नव्हता. दोन वेण्या, वर चापून बांधलेल्या रिबिनी, आणि चाल अशी की समोरून येणारा माणूस आपोआप बाजूला व्हायचा. "पायाला भिंगरी लागलीय हिच्या," आई म्हणायची. "राजवाड्याला वळसा घालता घालता एक दिवस स्वतःलाच येऊन धडकेल."

मला सायन्स शिकायचं होतं. खरं सांगायचं तर सायन्स म्हणजे काय, याचा त्या पोरीला पत्ता नव्हता. मॅट्रिकच्या वर्षी आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या हेडमिस्ट्रेसनी, जास्वंदीची फुलं उकळलेलं पाणी वर्गात आणलं होतं. त्यात लिंबू पिळलं तर ते लालबुंद झालं, सोडा टाकला तर हिरवं. बस, एवढंच. बाकीच्या मुली "अय्या" म्हणाल्या आणि डबे उघडून बसल्या. मी घरी जाऊन कुंडीतली सगळी जास्वंद ओरबाडली, आणि त्या दिवशी आमच्या गणपतीला फूल मिळालं नाही.

मुलांच्या कॉलेजात सायन्स होतं, पण तिथे नाना, म्हणजे माझे वडील, पाठवणार नव्हते. "मुलांच्यात बसून बेडूक कापायचे? मला नाही पटत," एवढं म्हणून ते पेपर वर धरायचे आणि विषय पेपरामागे जायचा. आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर मुलींसाठी इंटरचे वर्ग होते, पण नुसते आर्ट्सचे. यंदा तिथेच सायन्सचा वर्ग काढायचा, असं मोठ्या बाईंनी मनावर घेतलं होतं. खोली होती, स्टोव्ह होते, शिकवायला उज्जैनच्या एक बाई यायला तयार होत्या. नव्हती ती काचेची भांडी. वरून एक साहेब प्रयोगशाळा बघायला येणार होते. सामान दिसलं तर परवानगी, नाही दिसलं तर पुढल्या वर्षी बघू.

आणि पुढलं वर्ष माझ्यापाशी नव्हतं. ग्वाल्हेरचं एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी मला पसंत केलं होतं. बहुतेक कांदेपोहे संपेपर्यंत मी एका जागी बसले, त्याला भुलले असावेत. नानांनी निकाल देऊन टाकला: "ज्येष्ठ संपायच्या आत तुमच्या बाईंना परवानगी मिळाली, तर शीक दोन वर्षं. नाही मिळाली तर मी ग्वाल्हेरला होकार कळवणार. नंतर मुहूर्त नाहीत."

ह्या घाईला आणखी एक कारण होतं. राज्य नवीन झालं होतं, राजधानी भोपाळला गेली होती, आणि इंदूरची ऑफिसं एकामागून एक तिकडे निघाली होती. नानांचंही जाणार, असं रोज कोणी तरी सांगायचं. कधी जाणार, ते कोणी सांगत नव्हतं. आजोबांनी होळकरांच्या दरबारात जन्म काढला, त्यामुळे नोकरी म्हणजे राजवाड्याच्या हाकेच्या अंतरावर बसून करायची गोष्ट, असा आमच्या घरात समज होता. आता माजघरात अर्धी भरलेली ट्रंक पडून असायची. चादर लागली की ती उपसायची, पुन्हा भरायची. गल्लीत निम्म्या घरांतून हेच. चहाला गेलं तर कपबशा गवतात गुंडाळलेल्या. "बैस हं, सोडते एक," म्हणून काकू गवत झटकायच्या आणि चहात काडी तरंगायची.

भांड्यांसाठी मोठ्या बाईंनी पैसे मागून बघितले. जुनं सरकार उठलं होतं, नवं अजून नीट बसायचं होतं. मधल्या मध्ये बाईंचा अर्ज उभाच राहिला. मग त्यांना कोणी तरी मिलच्या पलीकडल्या भट्टीवाल्याचं सांगितलं. तो फुटकी काच वितळवून कंदिलाच्या चिमण्या आणि अत्तराच्या कुप्या फुंकायचा. कुपी फुंकणाऱ्याला परीक्षानळी काय जड? बाई मला घेऊन गेल्या. मलाच का, तर मी आदल्या आठवड्यापासून त्यांच्या दारातून हललेच नव्हते.

भट्टीवाला गौतमपुऱ्याचा. बोलण्यात असा की भट्टीपेक्षा त्याचीच धग जास्त. "महल में जितनी हंडियाँ टँगी हैं ना बाईजी, सब हमारे दादा की फूँकी हुई." हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण होता. मी भारावून विचारलं, "भट्टी से जले?" तर म्हणाला, "नहीं बई, हिंगोट से. दिवाली के दूसरे दिन गाँव में खेलते हैं ना, फल में बारूद भर के एक-दूसरे पे फेंकते हैं. भट्टी की क्या मजाल जो मेरे को जलाए!"

सौदा सरळ होता. काच आम्ही आणायची. निम्मी त्याची, निम्मीच्या नळ्या आणि दोनचार चंबू आमचे. "पर सफेद लाना. रंग वाली एक नहीं चलेगी. और कूट के लाना, कूटने को मेरे पास आदमी नहीं."

"थोडी हिरवट आली तर?" बाईंनी विचारलं.

"थोड़ी की फिकर नहीं. काली बुकनी है मेरे पास, हरापन खा जाती है." त्याने एका डब्यावर थाप मारली. हा डबा लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून मी सायकलला पोतं बांधून इंदूर पालथं घालायला लागले. बसायला जागा उरायची नाही, म्हणून सायकल हातात धरून चालत. काच आत खळखळायची आणि कुत्री मागे लागायची. दवाखान्यातल्या कंपाउंडरने औषधाच्या बाटल्या दिल्या, अंगावर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटलेल्या. त्या भिजवून खरवडता खरवडता माझ्या नखांना आठवडाभर मिक्सरचा वास होता. म्हणजे खोकल्याच्या मिक्सरचा, तुमच्या चटणीच्या नव्हे. सोडावाल्याने गोटीच्या बाटल्या पुढे केल्या तर मी नाक वर करून म्हटलं, "ये नहीं चलेगी. इसमें हरापन है." तो म्हणाला, "भेनजी, सोडा बेचते-बेचते बाल सफेद हो गए, आज पता चला बोतल में हरापन है." मी त्याला काचेच्या रंगावर छोटंसं भाषण दिलं. काय बोलले असेन, देव जाणे. रंगाबद्दल मला तेवढंच माहीत होतं, जेवढं भट्टीवाल्याने सांगितलं होतं.

सराफ्यात एका पेढीवर जाऊन विचारलं, "भिया, फुटकी काच आहे का?"

पेढीवरचा शेठ शेजाऱ्याकडे वळला. "लो! सराफे में खड़ी होके काँच माँग रही है! बेन, यहाँ लोग सोना पूछते हैं."

"सोने को तो सब ले जाते हैं. फूटी काँच कौन ले जाता है?"

तो इतका हसला की मोडलेल्या शोकेसची आख्खी पाठ त्याने काढून दिली, वर शेजारच्या दुकानातूनही मागवली. मी तेव्हा समजले की माझ्या बुद्धीवर खूश झाला. आता वाटतं, त्याला ती अडगळ कधीची हलवायची असणार.

सगळ्यात चांगली काच मिळाली फोटोवाल्याकडे. जुन्या काळी फोटो काचेच्या पट्ट्यांवर निघत. त्याच्या माडीवर त्या थप्प्यांनी पडल्या होत्या. घरी आणून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवल्या की वरची साय सुटायची आणि माणसं निघून जायची. पगडीवाले, तलवारीवर हात ठेवलेले, मांडीवर मूल घेतलेली बाई, सगळे तपेल्यात गोळा होऊन तळाशी बसायचे. एका पट्टीवर आमच्या आजोबांसारख्या मिशा होत्या. आई बघत उभी होती. "ह्यांना पण धुणार?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आई, भावना बाजूला ठेवायच्या. हे सायन्स आहे." हो, असंच म्हणाले. आईने तपेलं उचललं, परसात नेलं आणि झाडाच्या बुंध्याशी हळू ओतलं. मोरीत नाही ओतलं.

एवढं करूनही पोतं भरेना. मग मी गल्लीतल्या घरांकडे वळले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीतल्या बायका फुटलेली बांगडी कधी टाकून देत नसत. फुटली असं म्हणतसुद्धा नसत, वाढवली म्हणत. केरात टाकली तर कोणाच्या पायाखाली येणार. भंगारवाल्याला दिली तर सौभाग्य विकल्यासारखं. म्हणून प्रत्येकीच्या घरी, फळीवर मागे, बांगड्यांच्या तुकड्यांचा एक डबा असायचा. कोणी ओंकारेश्वराला निघालं की त्याच्यासोबत तो नर्मदेत सोडायला द्यायचा. पण जाणारा माणूस आपलं सामान सांभाळणार की गल्लीभरचे डबे? त्यामुळे डबे साठत राहायचे. आणि आता भोपाळचं लचांड. ट्रंकेत हा डबा ठेवायचा कुठे? मागे ठेवून जायचा तर कोणाच्या भरवशावर? बायकांच्या जिवाला तो एक घोर होता. हे सगळं मला माहीत होतं. आपल्या नाकाखाली काय आहे, हे शहाण्या माणसाला माहीत असतंच. तो फक्त तिकडे बघत नाही.

शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, "काच कशाला गं गोळा करतेस? कबाडीण झालीस का?"

मी कमरेवर हात ठेवला. "काकू, हे विद्येचं काम आहे. ह्या काचेतून मुली शिकणार आहेत."

काकूंनी आतल्या फळीकडे बघितलं. "म्हणजे सरस्वतीच्याच कामाला लागणार म्हण की."

"तसंच समजा," मी मोठ्या मनाने म्हटलं. "फक्त कुटून द्या. आणि पांढरी हवी."

त्या दिवसापासून पुरचुंड्या यायला लागल्या. स्वच्छ धुतलेल्या फडक्यात बांधलेल्या, आत बारीक कुटलेली काच, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी पांढरी. मी चिमटीत धरून उजेडात बघायचे. पांढरीच! गल्लीतून दिवसभर खलबत्त्यांचा आवाज यायचा. एका पुरचुंडीवर तर हळदकुंकवाची बोटं होती. मी ती झटकली आणि मैत्रिणीला म्हटलं, "बघ, किती अडाणीपणा!" पोतं भरलं, दुसरं भरलं. मी ते भट्टीवर पोचवलं आणि मोठ्या बाईंना सांगितलं की घराघरांतून जागृती कशी करायची, हे मला आता कळलं आहे.

भट्टी पेटली आणि माझं जेवणावरचं लक्ष उडालं. सकाळी एक फेरी, शाळेच्या निमित्ताने एक, भाजीच्या निमित्ताने एक. भट्टीवाला हाकलायचा. "बई, तेरे देखने से जल्दी नहीं पिघलेगी." घरी आले की मी ट्रंकेतल्या वस्तू काढून पुन्हा भरायचे. नाना म्हणाले, "हिला भोपाळला आधी पाठवा, सगळं शहर आवरून ठेवेल."

मग एका दुपारी भट्टीवाल्याने दारात येऊन नुसता हात केला. मी धावले. त्याने फुंकनळीच्या टोकावर गोळा घेतला होता. तापलेला असेपर्यंत तो केशरी होता, मला काहीच कळलं नाही. त्याने फुंकला, फिरवला, लांबवला, तळ गोल केला, आणि राखेवर ठेवला. नळी निवत गेली आणि हिरवी होत गेली. थोडी हिरवट नव्हे. गच्च, शेवाळी, विहिरीच्या तळासारखी हिरवी.

"बुकनी डाली?" मी ओरडले.

"आधा डिब्बा डाल दिया!" तो माझ्याहून मोठ्याने ओरडला. "बुकनी क्या करे? तूने इसमें पूरा सावन डाल दिया! किसका काँच है ये?"

मला काय माहीत किसका. माझ्यासमोर पांढरी पूड होती. त्याने पोत्याच्या तळाशी हात घातला, चाळवलं, आणि एक नीट न कुटलेला तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. वाकडा, बारीक, एका बाजूने गोल. हिरव्या बांगडीचा.

आमच्या लग्नात चुडा हिरवा असतो. दुसऱ्या एखाद्या गल्लीत गेले असते तर नळ्या लाल झाल्या असत्या.

मी तडक काकूंकडे गेले. काकूंनी आधी कानांवर हात ठेवले, मग म्हणाल्या, "थोड्याशाच होत्या गं." पलीकडल्या वहिनींच्याही थोड्याशाच होत्या. गल्लीत प्रत्येकीने थोड्याशाच दिल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटलं होतं की एवढ्या मोठ्या पोत्यात आपल्या मूठभर कुठे कळणार. "आणि पूड झाल्यावर पांढऱ्याच दिसल्या की," काकू म्हणाल्या. "तूच बघितलंस ना उजेडात धरून?"

हे मला फार लागलं, कारण मी बघितलं होतं.

घरी आले आणि सरळ स्वयंपाकघरातल्या फळीशी गेले. आमचा डबा मागे, पोह्यांच्या डब्याच्या आड असायचा. काढून झाकण उघडलं. रिकामा. घासूनपुसून ठेवलेला.

आई पोळ्या लाटत होती.

"तू मुद्दाम केलंस," मी म्हटलं. "मला सायन्स मिळू नये म्हणून. मला ग्वाल्हेरला पाठवायचंय ना तुला? सरळ सांगायचं होतंस!" आणि बरंच काही. मी बोलायला लागले की दम लागेपर्यंत थांबत नसे. आईने पोळी उलटली, फुगू दिली, उतरवली.

"झालं?" ती म्हणाली. "त्यात माझ्या लग्नातला चुडा होता. धारेहून, माहेराहून, आले तो हातात घालून. तो मी तुझं काम नासवायला देईन?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"मला वाटलं, नर्मदेत जायच्या त्या तुझ्या शाळेत जातील. कोणाच्या तरी हातात राहतील." मग लाटणं माझ्या दिशेने रोखून म्हणाली, "आणि वितळल्यावर रंग परत वर येतो म्हणून मला काय माहीत? ते तुला माहीत पाहिजे. तू सायन्सवाली."

दुसरी काच गोळा करायला ना दिवस होते ना पोतं. भट्टीवाल्याची निम्मी काचही हिरवीच निघाली होती, पण तो त्याच्या कुप्या सराफ्यातल्या अत्तरवाल्याला "खास मोरपंखी" म्हणून विकून मोकळा झाला. आम्ही हिरव्या नळ्या लाकडी घोडीवर ओळीने लावल्या आणि साहेबांची वाट बघत बसलो.

साहेब आज येणार म्हणून यायचे नाहीत, उद्या म्हणूनही यायचे नाहीत. मी रोज नळ्या पुसायचे. पुसून पांढऱ्या होतील अशी कुठे तरी आशा असावी. शेवटी एकदा आले ते सरळ स्टेशनवरून, होल्डॉल आणि सुरई घेऊन. जबलपूरकडचे गृहस्थ, डोळ्यांत झोप. नव्या राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शाळा बघत हिंडत होते आणि आपण आज कुठल्या गावात आहोत, हे त्यांनी शिपायाला हळूच विचारलं, तेही मी ऐकलं.

"ये सब हरी क्यों हैं?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"ये विशेष काँच है, सर," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांना मी त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्यांना ते येतही नव्हतं. "धूप से बचाव के लिए."

"कुछ करके दिखाइए."

बाईंनी मला खूण केली. मी जास्वंदीचं पाणी एका नळीत ओतलं, त्यात लिंबू पिळलं. लाल व्हायचं ते डांबरासारखं दिसलं. दुसऱ्या नळीत सोडा टाकला. हिरवं झालं असणार, पण हिरव्यात हिरवं कोणाला दिसणार? साहेब नळीजवळ वाकले, मग घड्याळाकडे बघितलं. स्टोव्हवर तिसरी नळी धरली होती ती तेवढ्यात तडकली.

ग्वाल्हेरचं ते स्थळ माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी आजूबाजूला बघितलं. साहेबांच्या हातात चहाचा कप होता, खाली पांढरी बशी. मी "एक मिनिट" म्हणून त्यांच्या कपाखालची बशी ओढून घेतली. बाईंनी डोळे मिटले. बशीत एका बाजूला पहिली नळी ओतली, दुसऱ्या बाजूला दुसरी. इकडे लालभडक, तिकडे हिरवंगार, आणि मध्ये जिथे दोन्ही भिडले तिथे जांभळट, फसफसणारी रेघ. कपातला चहा साहेबांच्या पँटवर ठिबकत होता. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"अब सच बताओ," ते म्हणाले. "हरी क्यों हैं?"

मी सांगून टाकलं. डबे, नर्मदा, भोपाळ, खलबत्ते, आईचा चुडा. हिंदी, मराठी, जे तोंडात आलं ते.

"और तुमको पता नहीं चला?"

"कूटने के बाद सफेद दिखती थी."

"क्यों? हरी चीज कूटने से सफेद कैसे हो जाती है?"

ह्या ठिकाणी मी काय उत्तर दिलं, ते मी पुढे आयुष्यभर लोकांना सांगत आले. मी ताठ मानेने म्हणाले, "यही तो सीखना है, सर, इसीलिए क्लास खोलिए." मुलांना असंच सांगितलं, नातवंडांनाही. ऐकायला छान वाटतं. खरं म्हणजे मी म्हटलं, "मालूम नहीं," आणि मग, "यहाँ कोई बताने वाला भी नहीं है," आणि मला रडू फुटलं, आणि रिबिनीने नाक पुसलं. साहेब "अच्छा" म्हणाले, बशी मागून घेतली, तिच्याकडे बघितलं, आणि कप तिच्यात न ठेवता टेबलावर ठेवला. मग गेले.

पुढचे दिवस मी कसे काढले, ते त्या ट्रंकेला विचारा. पोस्टमन दिसला की मी गल्लीच्या तोंडापर्यंत पळायचे. ज्येष्ठ संपत आला. ग्वाल्हेरहून आठवणीचं पत्र आलं. नाना दौत घेऊन बसले.

"थांबा," आई आतून म्हणाली. "साहेबांचं येऊ दे."

"मुहूर्त संपतील."

"मग संपू देत." ती दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे. "माझा चुडा गेलाय त्यात. काय होतं ते मला बघायचंय."

नानांनी टाक उचलला, आईकडे बघितलं, टाक ठेवला. आमच्या घरात आईने नानांना "थांबा" म्हटल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नानांनीही, बहुधा.

परवानगी आली ती एकाच वर्षाची, आणि साध्या काचेचं सामान आणवावं अशा ताकिदीसकट. त्याच पंधरवड्यात नानांचा भोपाळचा हुकूमही आला. ते एकटे गेले, एका खोलीत राहिले आणि खिचडी करायला शिकले. सुटीत आले की मला विचारायचे, "काय, बेडूक कापला का?" मी नाही म्हटलं की निराश व्हायचे.

पहिल्याच महिन्यात उज्जैनच्या बाईंनी सांगितलं की काचेची पूड पांढरी का दिसते. बारीक तुकड्यांच्या कडाकडांवरून उजेड उडत राहतो, काचेच्या आत पुरता शिरतच नाही, मग रंग आपल्यापर्यंत पोचणार कुठून? मी धावत घरी येऊन आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"त्यातली माझी कोणती?"

"काय तुझी?"

"नळी गं. माझ्या चुड्याची."

आता सगळ्या गल्लीच्या बांगड्या एकाच मुशीत वितळलेल्या. कोणाची कोणती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "कडेची. जरा बुटकी आहे ती." आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग काय, तिने काकूंना सांगितलं, आणि काकू मला दारात अडवून विचारायला लागल्या, आणि वहिनी, आणि पलीकडल्या आजी. मी प्रत्येकीला एकेक नळी वाटून दिली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मोठ्या बाईंनी सगळ्यांना वर बोलावलं, तेव्हा बायका घोडीपुढे रांगेने उभ्या राहिल्या, आपापली नळी ओळखून. काकू दुसरीच उजेडात धरून म्हणाल्या, "अगदी तोच रंग. माझा असाच होता."

त्या नळ्या तापवल्या की तडकायच्या. आमच्या वर्गात नळी फुटली असं कोणी म्हणत नसे. "बाई, काकूंची वाढवली," असं म्हणायचं. उज्जैनच्या बाईंना समजायला बरेच दिवस लागले.

आई मात्र रोज संध्याकाळी, मी चपला काढायच्या आत, विचारायची, "माझी आहे ना गं?"

"आहे," मी म्हणायचे.

तिची पहिल्याच प्रॅक्टिकलला तडकली होती. मी लगेच शेजारची कडेला सरकवली. मग ती गेली तेव्हा तिच्या शेजारची. नंतर खऱ्या, पांढऱ्या नळ्या आल्या, तरी घोडीच्या कडेला एक हिरवी मी कायम ठेवली. तिला कोणालाही तापवू दिलं नाही, स्वतःलाही नाही. आईची नळी त्या वर्षात कितीदा बदलली, हे मी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि आता तुम्हालाही सांगत नाही.